४०० कॅसेटी, १२ जीबी

या आठवड्याचं पत्र मिरजेहून आलंय. थोडी काटछाट करून देते.

"ताई, नमस्कार. मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. वय ६६. गाणं शिकलो नाही, पण आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि उरलेला वेळ ऐकतो. जन्मभर जमवलेल्या ४०० कॅसेटी मागं एका दुकानातून मोबाईलच्या कार्डावर भरून घेतल्या. कॅसेटी ट्रंकेत तशाच ठेवल्या आहेत. कार्ड ३२ जीबीचं, त्यात १२ जीबीच भरलंय, म्हणजे अजून पुष्कळ जागा आहे. फोन सहा वर्षांचा झाला. इयरफोनची पिन सैल बसते, वायर पिरगाळून धरली तरच उजव्या कानात आवाज येतो. शिवाय हल्ली गाणं पूर्वीसारखं लागत नाही, टाळ तर नुसते चरचरतात. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणतो, ४५ हजारांचा फोन घेतो, त्याला वायर लागतच नाही. भाचा म्हणतो, हाय-रेझ बघून घ्या. इथला दुकानदार म्हणतो, डॉल्बी असलेला घ्या. माझं म्हणणं १८ हजारांच्या पुढं जाऊ नये. गाणी ऐकायला कुठला फोन घ्यावा? ता. क. मला उजव्या कानानं कमी ऐकू येतं असं घरचे म्हणतात."

काका, नमस्कार.

फोनकडं येतेच, पण तुमच्या पत्रातला एक आकडा मला दोन दिवस टोचत होता. १८ हजार, ४५ हजार हे ठीक आहे. मला टोचले ते १२ जीबी.

हिशेब करू. तुम्ही एसटीत वेळापत्रकं सांभाळलीत, तुम्हाला हा हिशेब जड जाणार नाही. ४०० कॅसेटी, बहुतेक ६० मिनिटांच्या धरल्या तर ४०० तासांचं गाणं. ते १२ जीबीत बसलं, म्हणजे एका तासाला ३० एमबी, मिनिटाला जेमतेम अर्धा. याचा अर्थ दुकानदारानं फाईली ६४ केबीपीएसला केल्या आहेत. सेकंदाला ६४ हजार बिट. ऑडिओ सीडीवर त्याच एका सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट खर्च होतात. एमपी३ करताना काटकसर करायची असतेच, पण बरी फाईल १९२ ची असते, चांगली ३२० ची. तुमच्या कार्डावर २० जीबी जागा मोकळी राहिली आहे आणि गाणं मात्र दाटीवाटीनं उभं आहे. सीटा रिकाम्या ठेवून प्रवाशांना टपावर बसवलं म्हणा ना.

एमपी३ करताना कानाला फारसं जाणवणार नाही असं जे वाटतं ते कापून टाकलं जातं. भरपूर बिट दिले तर ही कात्री हलक्या हातानं चालते. ६४ वर आणलं की ती सरळ अंगावर येते. पहिला बळी जातो वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांचा: टाळ, चिपळ्या, तबल्याची चाट, तानपुऱ्याची जवारी (तारेची झणझण), गायकानं घेतलेला श्वास. माणसाचा मूळ आवाज त्यातून तगून जातो, म्हणून सुरुवातीला तुम्हाला काही वाटलं नसेल. टाळाचं तसं नाही. टाळ वाजला की त्याची आस, म्हणजे मागं रेंगाळणारा नाद, लांब जाते आणि त्यात एकाच वेळी शेकडो बारीक कंपनं असतात. त्याला बिट पुरवता पुरवता फाईलची दमछाक होते आणि "छन्न"च्या जागी पाण्यात बुडवल्यासारखं "छळ्छळ" ऐकू येतं. तुम्ही लिहिलेलं "चरचरतात" ते हेच. माझ्या अंदाजानं तुमचे कान त्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरपेक्षा चांगले आहेत.

खात्री करायची तर आजच करता येईल. तुमच्याकडच्या कॅसेटीतलं बाजारात निघालेलं एखादं भजन गाणी ऐकायच्या ॲपवर शोधा. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची प्रत सगळ्यात वरची ठेवा (मुळात ती "ऑटो"वर असते आणि नेट मंदावलं की हळूच खाली जाते). मग त्याच फोनवर, त्याच इयरफोननं एकदा कार्डावरचं ऐका, एकदा ॲपवरचं. टाळ अचानक खणखणले तर तुमचा फोन निर्दोष सुटला.

आता पिनेचं. सहा वर्षं तो फोन सदऱ्याच्या खिशात राहिलाय. खिशातलं सूत, धूळ, तंबाखू खात असाल तर तिची पूड, सगळं त्या भोकाच्या तळाशी जाऊन बसतं आणि प्रत्येक वेळी पिन घालताना आपण ते आणखी ठासतो. पिन मग पुरती आत जात नाही आणि सैल वाटते. फोन बंद करा, चष्मा लावा, बॅटरीचा उजेड पाडा आणि लाकडी टूथपिकनं अलगद, भिंतीला न खरवडता तो गोळा बाहेर काढा. सुई किंवा टाचणी मुळीच नको. माझ्या वडिलांच्या फोनमधून असा मसुरीएवढा गोळा निघाला, आणि पिन "टक्" आवाज करून बसली. तोवर आम्ही नव्या फोनच्या किमती बघत होतो.

साफ करूनही उजवी बाजू दबकीच राहिली तर इयरफोनची अदलाबदल करा. उजवा डाव्या कानात, डावा उजव्यात. कमी आवाज इयरफोनबरोबर डाव्या कानात गेला तर दोष वायरीचा किंवा फोनचा. तो उजव्या कानातच राहिला तर दोष कानाचा. तसं झालं तर फोनच्या दुकानात जायच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जा. पुष्कळदा नुसता मळ असतो. नसला तर अर्ध्या तासाची ऑडिओमेट्री करतात, तिच्यात कुठला सूर किती कमी येतो ते कागदावर मिळतं. फोनमध्येही याची सोय आहे: सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत गेलात की डाव्या-उजव्याचा तोल सरकवता येतो आणि "मोनो ऑडिओ" (दोन्ही कानांत सगळाच आवाज) चालू करता येतो. मोनो करून ठेवाच. काही स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला बसवलेली असते. एक कान कमी असला की तुमच्या हक्काची पेटीच ऐकू येत नाही.

यानंतरही नवा फोन हवाच असेल, आणि सहा वर्षांच्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं थांबलेलं असणार, त्यावर तुमचं पेन्शनचं बँक ॲपही असेल, तेव्हा घ्यावा हे मलाही पटतं. तर त्या तिघांचे सल्ले एकेक करून बघू.

भाच्याचं हाय-रेझ. फोनच्या खोक्यावर असतं ते हाय-रेझचं सोनेरी चिन्ह जपान ऑडिओ सोसायटीचं आहे आणि ते मिळवायला उपकरणानं ४० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज हाताळावा लागतो. तरुण, धडधाकट माणसाचा कान २० हजारांवर संपतो. आपल्या वयात (मी काही फार मागं नाही) तो १२ हजारांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली थांबतो. म्हणजे जो आवाज वटवाघळाला ऐकू येईल त्याचे पैसे तुम्ही भरायचे. आणि तुम्ही ऐकता काय? मिरजेचे म्हणून विचारते, तिथंच राहिलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या तबकड्या नक्कीच ऐकत असाल. खाँसाहेब १९३७ साली गेले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, आणि मायक्रोफोन वापरून तबकडी कापायची पद्धतच मुळी १९२५ पासूनची; त्याआधी गायक एका कर्ण्यात तोंड घालून गायचा. त्या तबकडीत जे उतरलंच नाही ते कुठला फोन काढून दाखवणार? भाच्याला सांगा, खाँसाहेबांची सुरांवरची नजर ४० हजार हर्ट्झवर नव्हती.

दुकानदाराचं डॉल्बी. आधी गैरसमज नको: गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर भिंत उभी करून छाती हादरवतात, तिला आपल्याकडं डॉल्बी म्हणतात, हे ते नव्हे. तुमच्या जुन्या डेकवर डॉल्बीचं बटण होतं, टेपची सरसर कमी करणारं, तेही हे नव्हे. फोनमधलं डॉल्बी ॲटमॉस आवाज आजूबाजूला पसरवून मोठ्या जागेचा भास निर्माण करतं. सिनेमाला ते शोभतं. एका मायक्रोफोनवर धरलेल्या जुन्या गाण्याला लावलंत तर बुवा हौदात उभं राहून गातायत असं वाटतं. ज्या फोनमध्ये ते असेल त्यात ते बंद करता येतं, तेवढं बघा. त्यासाठी दोन हजार जास्त देऊ नका.

आणि मुलाचा बिनवायरीचा फोन. इथं जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण मुलगा प्रेमानं म्हणतोय आणि त्याचं सगळंच चूक नाही.

२०१६ साली आयफोन ७ मधून इयरफोनचं भोक गेलं आणि मग एकेक करत बाकीच्या कंपन्यांच्या महागड्या फोनमधूनही गेलं. गंमत अशी, की २००५ च्या सुमाराला सोनी एरिक्सननं "वॉकमन" छापलेले फोन काढले होते, नोकियानं एक्सप्रेसम्युझिक. फोन गाण्यासाठीच विकला जायचा. २०१६ मध्ये एलजीनं व्ही२० नावाच्या फोनमध्ये चौपदरी डीएसी चिप (फाईलीतल्या आकड्यांचा सूर करणारी) बसवली होती, नादी लोक अजून तो जपून वापरतात, पण एलजीनं २०२१ मध्ये फोनचा धंदाच बंद केला. आज परिस्थिती उलटी झालीय. ५० हजारांच्या फोनला भोक नसतं आणि १०-१५ हजारांच्या पुष्कळ फोनना अजून असतं. तुमच्या कामाच्या दोन्ही गोष्टी, हे भोक आणि मेमरी कार्डाचा खण, स्वस्त फोनमध्येच शिल्लक आहेत. तुमची १८ हजारांची रेघ अगदी बरोबर जागी पडलीय.

ब्लूटूथवर गाणं जातं ते पुन्हा एकदा आवळून जातं. हे आवळण्याच्या पद्धतींना कोडेक म्हणतात. एसबीसी सगळ्यांत असते, एएसी बहुतेकांत, आणि सोनीची एलडीएसी बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये, ती सेकंदाला ९ लाख ९० हजार बिटपर्यंत पोचते. पण ती फोनमध्ये असून भागत नाही, इयरबडमध्येही असावी लागते. आता तुमची ६४ हजार बिटांची फाईल एलडीएसीवरून पाठवणं म्हणजे एका प्रवाशासाठी मिरज-पुणे शिवनेरी सोडणं. गाडी चांगली आहे हो, पण बसणारा कोण? शिवाय त्या मण्याएवढ्या बडमधली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलून मिळत नाही. एक मणी गटारात पडला की जोडी मोडली. तरी सकाळी फिरताना, भाजी निवडताना वायर नको वाटते हे खरं आहे, मीही वापरते. तेव्हा दीड-दोन हजारांचे बड मुलाकडून आनंदानं घ्या. मात्र गादीवर बसून, डोळे मिटून ऐकायला वायरच.

कोणी सांगेल, भोक नसलं तर चार्जिंगच्या जागी अडॅप्टर लावा. लावता येतो, पण अडॅप्टर दोन जातींचे असतात. एकात डीएसीची चिप असते, म्हणजे आकड्यांचा सूर करण्याचं काम तोच करतो. दुसऱ्यात नुसत्या तारा असतात आणि ते काम फोनवर सोडलेलं असतं. फोनला ते येत नसेल तर आवाजच येत नाही. मी एकदा स्टँडबाहेरून १५० रुपयांचा दुसऱ्या जातीचा घेतला. एसटीत बसून डोळे मिटले, बटण दाबलं, आणि इयरफोन मुकाट. ठुमरी फोनच्या स्पीकरमधून सगळ्या गाडीला. कंडक्टर म्हणाला, "बाई, जरा बारीक करा." घ्यायचाच तर पाकिटावर डीएसी लिहिलेलाच घ्या.

मग फोन कुठला? मॉडेलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सहा महिन्यांत ते दुकानातून जातं आणि वाचक कात्रण घेऊन हिंडत राहतात. तुम्ही असं करा: तुमचा इयरफोन, तुमचं कार्ड आणि एक शांत दुपार घेऊन दुकानात जा. संध्याकाळी नको, गर्दीत दुकानदार हातात फोन देत नाही. आधी सिमचा ट्रे बाहेर काढून दाखवायला सांगा. काही ट्रेत दोन सिम आणि कार्ड तिन्ही बसतात. काहींत दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच. तुम्ही दोन सिम वापरत असाल तर दुसऱ्या जातीचा फोन तिथंच परत करा. मग इयरफोन लावा आणि एखाद्या आलापाचा शेवट ऐका, जिथं गायक थांबतो आणि फक्त तानपुरा उरतो. आवाज मोठा करा. मागं "स्स्स" अशी सळसळ किंवा नेट चालू असताना "टिट्-टिट्" असं काही येतंय का? येत असेल तर दुसरा फोन. नंतर आवाजाचं बटण सगळ्यात खालून एकेक पायरी वर न्या. रात्री झोपताना ऐकणाऱ्याला पहिल्याच पायरीला मोठा आवाज नको असतो. हे कोणी तपासत नाही आणि घरी आल्यावर सगळे कुरकुरतात. शेवटी गाणं लावून पडदा बंद करा आणि दुकानदाराशी दहा मिनिटं गप्पा मारा. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन मागं चाललेलं ॲप स्वतःच मारून टाकतात आणि ख्याल विलंबितातच संपतो. सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट देता येते, दुकानदाराकडूनच ती देऊन घ्या.

याच्यापलीकडं आवाजात खास फरक नसतो, काका. आजच्या साध्या फोनमधली डीएसी चिपही इतकी सुधारलीय की डोळे बांधून १५ हजारांचा आणि ५० हजारांचा फोन ओळखायला सांगितला तर मी पैज लावणार नाही, आणि माझी निम्मी हयात ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेलीय. जास्तीचे ३० हजार कॅमेऱ्याचे आणि पडद्याचे असतात.

एफएम रेडिओ असला तर उत्तम. सरकारनं २०२३ मध्ये फोन कंपन्यांना तो बंद करू नका असं कळवलंही होतं. त्यालाही वायरच लागते, कारण इयरफोनची वायर हीच त्याची एरियल. आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप घेतलंत तर सांगली केंद्रावर न थांबता "रागम" ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी लागेल. ती २०१६ पासून चालू आहे, आणि इतक्या रसिकांना अजून माहीत नाही की मला दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

पैसे वाचले ते इयरफोनवर घाला. हजार-दीड हजारांचा, वायरचा, बरोबर रबरी टोप्यांचे तीन जोड असलेला. लोक मधल्या टोप्या लावून आलेला तसाच कानात घालतात. कानात हवाबंद बसली नाही तर पहिल्यांदा जातो तो खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर. काळी एकमध्ये (पेटीवरची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्या बुवांच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. टोपीच्या फटीतून तो निसटतो आणि तानपुरा पत्र्याचा लागतो. तिन्ही लावून बघा, दोन कानांना दोन मापंही लागतात. फोनच्या उघड्या स्पीकरवर तर ६९ हर्ट्झ वाजतच नाही, तेवढा त्याचा जीवच नसतो. तरी गच्चीवर फोन ठेवला की तानपुरा ऐकू येतो, कारण जवारीमुळं खर्जाच्या तारेतून वरचे सूर झुंडीनं निघतात आणि त्यांच्यावरून मेंदू न वाजलेला खर्ज स्वतः भरून काढतो. मिरजेच्या कारागिरानं तारेखाली सरकवलेल्या त्या दोऱ्याची करामत. तबल्याच्या डग्ग्याला असली मदत मिळत नाही, म्हणून स्पीकरवर ठेका नुसता चाटेवर चालतो.

आवाज किती ठेवायचा हेही सांगून टाकते: जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा धरलीय. तुमचा आवाज त्याहून मोठा होत असणार तो फिरण्याच्या वेळी, रहदारीवर मात करायला. तेव्हा ऐकूच नका, मिरजेच्या रस्त्यावर कान उघडेच बरे.

आता पुन्हा ट्रंकेकडं. कार्डावरचं ६४ चं गाणं कुठल्याही युक्तीनं परत १९२ चं होत नाही. कापलेलं गेलं. पण कॅसेटी तुम्ही टाकल्या नाहीत, त्यामुळं अजून सगळं हातात आहे. सगळ्या ४०० करू नका. ज्या बाजारातून विकत घेतल्या होत्या त्यांतल्या बहुतेकांची गाणी ॲपवर आहेत, आणि तुमच्या झिजलेल्या टेपपेक्षा स्वच्छ आहेत. ट्रंक उपसून फक्त त्या वेगळ्या काढा ज्या दुसऱ्या कोणाकडं नाहीत: दर्ग्याच्या उरुसात कोणी मांडीवर टेप ठेवून धरलेली मैफल, रेडिओवरून उतरवलेलं, तुमच्या मंडळाची काकड आरती, गेलेल्या मृदंगवाल्याचा हात. तीस-चाळीस निघतील. एक कॅसेट भरायला तिच्या लांबीएवढाच वेळ लागतो. दिवसाला एक केलीत तर महिना-सव्वा महिना.

चांगला डेक हवा. मिरज-सांगलीत जुने टेप दुरुस्त करणारा एखादा म्हातारा कारागीर अजून असेलच, नसला तर कोल्हापुरात मिळेल. त्याच्याकडून रबरी पट्टा बदलून घ्या आणि हेडच्या शेजारचा स्प्रिंगवाला बारीक स्क्रू तुमच्याच कॅसेटीवर जुळवून घ्या. आवाज कुठं सगळ्यात उजळ होतो ते ऐकत ऐकत तो फिरवायचा असतो. तुमच्या दुकानदारानं हे केलं असेल असं मला वाटत नाही. हेड दर दोन कॅसेटींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावू नका, हेडला लागून पुढच्या सगळ्यांना जाते.

आणि वेग. इथं तुमची पेटी कामाला येईल. डेकची मोटर जोरात असली की गाणं चढं लागतं. सहा टक्के जोरात असेल तर काळी एकचे बुवा थेट पांढरी दोनमध्ये गायला लागतात. ज्यांची पट्टी तुम्हाला ठाऊक आहे अशा बुवांची कॅसेट लावा, षड्ज आला की पेटीवर त्यांची पट्टी धरा. जुळलं नाही तर कारागीर मोटरच्या पाठीमागचा स्क्रू फिरवून देईल. डेकच्या लाइन-आउटमधून वायर कॉम्प्युटरला, ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, आणि मूळ प्रत एफएलएसी या प्रकारात हार्ड डिस्कवर ठेवा. त्यात काही कापलं जात नाही, नुसती घडी घातली जाते. फोनसाठी त्यावरूनच १९२ ची एमपी३ करा. तासाला सुमारे ८६ एमबी. म्हणजे तुमच्या ३२ जीबीच्या जुन्या कार्डावरही या चाळीस कॅसेटी आरामात बसतील. फोनवर व्हीएलसीसारखं, फोल्डर जसेच्या तसे दाखवणारं ॲप टाका. नाहीतर चाळीस फाईलींचं नाव "ट्रॅक ०१" दिसेल.

मुलाचे ४५ हजार परत करू नका. त्याला म्हणा, डेक तू घेऊन दे, कारागिराचे पैसे तू दे, हार्ड डिस्क आण आणि दोन शनिवार-रविवार येऊन ऑडॅसिटी लावून दे. तरी निम्म्याहून जास्त उरतील.

सुरुवात करण्याआधी एकच काम राहिलं. कॅसेटीच्या पाठीच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोन असतात. घरी भरलेल्या प्रत्येक कॅसेटीचे ते स्क्रूड्रायव्हरनं तोडून टाका, मग लाल बटण दाबलंच जात नाही. आमच्याकडं आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट होती. ती भरून घ्यायला बसले आणि प्लेच्या जोडीला माझं बोट लालवर पडलं. कळेपर्यंत चाळीस सेकंद गेले. आता आजी एक ओवी अर्ध्यात सोडते, मग आमच्या कुकरची एक शिट्टी, मी कुणाला तरी "अगं गॅस" म्हणते, आणि पुढं पुन्हा जातं सुरू होतं.